लाल यादीतल्या बाया

आकड्यांचं काम म्हणजे कोरडं, असं लोकांना वाटतं. वाटू दे! मी धुळ्याकडच्या एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात बसून गावोगावच्या नोंदी चाळतो आणि आठवड्याला एक तरी किस्सा घेऊन घरी जातो. बायको म्हणते, "तुमचा कॉम्प्युटर आहे की चावडी?"

काम तसं साधं. गरोदर बाईचं बीपी, रक्त, वजन, मागची बाळंतपणं, सगळं सिस्टर आणि आशाताई टॅबवर भरतात. हजारो नोंदी चाळून प्रोग्राम सांगतो, हिला धोका आहे. तिचं नाव लाल होतं. लाल बाईला वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचवायचं, बस्स. चुकलं तर आई जाते, कधी दोघंही जातात. त्यामुळे हे किस्से सांगताना मी हसतो खरा, पण पूर्ण हसत नाही.

*

सुरुवातीलाच एक गाव असं निघालं, की तिथल्या प्रत्येक गरोदर बाईचं बीपी एकशेवीस-ऐंशी. लाल नाव एकही नाही! आमचे डॉक्टरसाहेब खूश. म्हणाले, "आदर्श गाव. सत्कार करू."

मला शंका आली. जाऊन पाहिलं तर बीपीच्या मशीनचा पट्टा कधीचा फाटलेला. सिस्टरला विचारलं, "मग आकडे कुठून आले?"

"रकाना रिकामा ठेवला तर टॅब पुढे जाऊच देत नाही, सर. मग चांगलंच लिहिलं. वाईट लिहून बायांना कशाला घाबरवायचं?"

आता रागवणार कुणावर? रिकामा रकाना चालणार नाही, हा नियम मीच घातला होता. नवा पट्टा आला आणि आठवड्याभरात त्या गावात तीन नावं लाल झाली. सत्कार बारगळला.

*

मग जन्मतारखा. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी निम्म्या गावाला एक जून लावून टाकलेली! एका गावात तीन सुनीता पाटील, तिघींची तारीख एक जून. प्रोग्राम पडला हुशार, त्यानं तिघींची एकच बाई केली. पडद्यावर तिला एकाच वेळी चौथा, सहावा आणि आठवा महिना चालू!

डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सत्कार हिचा करा," म्हणाले.

मला मात्र त्या दुपारी डबा खाववला नाही. तिघींच्या रक्ताची सरासरी निघाली होती आणि सरासरी ठीक होती. त्यातल्या एकीच्या अंगात रक्त फारच कमी होतं. वेळेत सापडली, म्हणून आज सांगू शकतोय.

*

निर्मलाअक्का म्हणजे सोनगीरकडच्या एका गावच्या आशाताई. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. एकदा ऑफिसात आल्या त्या तणतणतच.

"भाऊ, तुमना कॉम्प्युटरले अक्कल शे का? मना मालकले रोज इचारस, पोटमा पोर हालस का!"

लाल बायांना प्रोग्राम रोज मेसेज करून विचारतो, बाळ हलतं का. पण गावातल्या बहुतेक बायांकडे स्वतःचा फोन नाही. घरात असतो तो कामाला गेलेल्या नवऱ्याबरोबर सुरतेला. म्हणून अक्कांनी सगळ्या नोंदींना आपल्याच घरचा नंबर दिलेला. पण मालक, म्हणजे अक्कांचे यजमान, मोठे भले. मेसेज आला की सायकल काढायची, त्या बाईच्या दारात जायचं, अंगणातूनच विचारून यायचं. इतकं काटेकोर काम आमच्या प्रोग्रामला अजून जमलेलं नाही.

*

वैशाली अक्कांच्याच गावची सून. पहिलटकरीण, आठवा महिना, बीपी चढलेलं, नाव लालभडक. आणि एका सोमवारी ती गावातून गेलेली! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सासूनं तिला धरणगावकडे धाडली होती. आमच्या यादीत तिच्यापुढे आलं, 'सापडत नाही'. तिकडच्या यादीत ती नाहीच, जिल्हा दुसरा. मी फोनवर फोन करत होतो. धोका आहे हे प्रोग्रामला पक्कं ठाऊक होतं, फक्त बाई कुठे ते ठाऊक नव्हतं.

अक्कांनी कुणाची परवानगी काढली नाही. सासूकडून माहेरच्या गावाचं नाव घेतलं, एसटी बदलत बदलत दुपारी तिथे पोचल्या. वैशालीचं डोकं ठणकत होतं, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. घरचे म्हणत होते, ऊन लागलं असेल. अक्कांनी गाडी बोलावून तिला तडक जळगावला नेलं. त्याच दिवशी सिझर झालं. आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्यात वैशालीच्या वडिलांनी तिचं नाव सांगितलं ते माहेरचं, आपल्या आडनावासकट. त्यामुळे आमच्या पडद्यावर सासरची वैशाली 'सापडत नाही' अशीच राहिली; दवाखान्याची नोंद जुळल्याशिवाय तो शेरा मलाही काढता येत नव्हता.

दोन महिन्यांनी आढावा बैठक. वरून आलेले साहेब नवे. भिंतीवर गावांची क्रमवारी, अक्कांचं गाव तळाला. साहेबांनी अक्कांना उभं केलं. मी सांगायला उठलो, तर मला हातानंच खाली बसवलं.

"तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या. बाई, धोक्यातली एक गरोदर बाई तुमच्या हातून हरवते आणि तुम्ही इथे शांत बसता? कुठे आहे ती?"

अक्कांनी पदर सारखा केला.

"भाईर बाकवर बठेल शे, साहेब. पोरले पाजी ऱ्हायनी. बलावू का?"