मामा आणि फेस न येणारं क्लेन्झर

तोंड धुणं ही गोष्ट माणसाने किती मनावर घ्यावी याला काही मर्यादा असेल, तर आमच्या ह्यांच्या मामांनी ती केव्हाच ओलांडली आहे. मुलीला स्थळ बघताना लोक करत नाहीत इतक्या चौकशा मामा तोंडाला लावायच्या क्लेन्झरच्या करतात. स्वतःच्या लग्नात त्यांनी एकही चौकशी केली नव्हती. मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, पोहे बरे झाले होते म्हणून तिथेच होकार दिला आणि जन्मभर सुखाने संसार केला. तोच हा माणूस म्हातारपणी एक सौम्य, बिनवासाचं, फेस न येणारं, कोरड्या कातडीला चालेलसं क्रीम क्लेन्झर शोधत पेण ते रोहा हिंडत होता, आणि त्यात त्याला कुणी हसलं तर त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. उलट हसण्याशी या सगळ्या प्रकरणाचा फार जवळचा संबंध होता, तो पुढे सांगते.

मामा राहतात पेणला, रामवाडीत. नोकरी मात्र त्यांनी सगळी रोह्याजवळ धाटावला काढली, एका केमिकल कंपनीत, माल तपासायच्या खात्यात. तिथे शिफ्ट सुटली की कपडे धुवायच्या वडीने कोपरापासून कपाळापर्यंत सगळं एका दमात घासून काढायची पद्धत. तीच सवय घरीही राहिली. निवृत्त झाले, मामी गेल्या, मुलगा बंगलोरला नोकरीला लागला, आणि मग एका थंडीत मामांच्या गालांना बारीक बारीक पापुद्रे सुटायला लागले. पेणच्या कातडीच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलून ते गाल बघितले आणि म्हणाले, "काका, आपल्या गावाला पापडाचं नाव आहे म्हणून तोंडाचा पापड करायलाच पाहिजे असं नाय. साबण बंद. एखादं साधं क्रीम क्लेन्झर घ्या, फेस न येणारं. तुम्हाला कुठलं मानवतं ते बघा." दुसरा कुणी असता तर खालच्या मेडिकलमधून पहिली हाताला लागेल ती बाटली घेऊन घरी गेला असता. मामांनी त्यातला ‘बघा’ हा शब्द हुकूम म्हणून घेतला.

आता मामांचा स्वभाव सांगायला हवा. काम नसताना दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम. भाच्याचं घर असलं म्हणून काय झालं. आम्ही रोह्याजवळ वरसेला राहायला आलो तेव्हा मी त्यांना कितीदा म्हटलं, "मामा, गाडीने तासाभराच्या आत पोचाल, येत जा की." ते दर वेळी विचारायचे, "काही काम आहे का?" काम नाही म्हटलं की "मग राहू दे" म्हणायचे. मामी होत्या तेव्हा माणसांकडे जाणं-येणं त्यांचं खातं होतं आणि मामा मागून पिशवी धरून यायचे. मामी गेल्या आणि ते खातं बंदच पडलं. वर्षभरात मामा आमच्याकडे एकदाच आले, ते साखरचौथीच्या गणपतीला, आणि आरती झाल्यावर आता आपलं इथे काय काम अशा चेहऱ्याने चपला शोधायला लागले.

क्लेन्झरने त्यांना काम दिलं. पेणच्या बाजारातली सगळी मेडिकल त्यांनी पालथी घातली. मामा पायरीवर दिसले की एक दुकानदार फोन कानाला लावायचा, म्हणतात. मग लेडीज जनरल स्टोअरची पाळी आली. तिथल्या मुलीने विचारलं, "कुनासाठी पायजे?"

"तोंडासाठी," मामा म्हणाले.

"व्हय, पन कुनाच्या?"

"माझ्याच."

मुलीने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुरुषांसाठीची म्हणून एक काळी कुळकुळीत बाटली काढली. आत कोळसा आहे, हे तिने कौतुकाने सांगितलं. मामा म्हणाले, "बाळ, मी उभा जन्म बॉयलरच्या शेजारी काढला. तेव्हा हा फुकट मिळत होता." शेवटी ती कंटाळून एक गुलाबी बाटली पुढे सरकवत म्हणाली, "काका, दगडापेक्षा वीट मऊ, हीच न्या." मामांनी वास घेतला, त्यात गुलाब निघाला, आणि ज्या वस्तूला वास झाकावा लागतो तिच्यात काहीतरी झाकण्यासारखं असतंच, असं सांगून ते दुकानाची पायरी उतरले. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाच्या कातडीची चौकशी करायलाही ते कमी करत नसत. कासू स्टेशनला टोपली घेऊन चढलेल्या एका मिठागराकडच्या बाईला त्यांनी विचारलं होतं, तुम्ही तोंड कशाने धुता? ती म्हणाली, "पान्यानं. आनि कशानं धुनार?" मामांना हे उत्तर इतकं पटलं की पुढचे काही दिवस त्यांनी नुसत्या पाण्याने तोंड धुवून बघितलं.

पण बाटली घेणं हा या कामातला किरकोळ भाग. खरं काम तपासणीचं, आणि ती मामांनी स्वतः बसवलेली होती. वाटाण्याएवढं क्रीम ओल्या तोंडावर लावायचं, बोटांच्या टोकांनी हळूहळू फिरवायचं, कोमट पाण्याने काढायचं, टॉवेलने न घासता टिपायचं. त्यावर दुसरं काही लावायचं नाही. पंख्याखाली खुर्चीत गप्प बसायचं, तोंड सुकू द्यायचं, आणि मग हसायचं. हसताना नाकाच्या बाजूला किंवा गालाच्या कोपऱ्यात कातडी ओढली तर माल नापास. आणि हे हसू खरं पाहिजे. मामांचं म्हणणं असं, की आरशात बघून माणूस हसतो तेव्हा नुसते दात दाखवतो, गाल कामाला लागत नाहीत. "घरी करून बघितलं, सूनबाई," एका रविवारी आमच्या दारात उभे राहून ते मला म्हणाले, "पण खात्रीलायक होत नाही. एकट्याने हसता येत नाही हो." हे त्यांनी यंत्रातला दोष सांगावा तसं सांगितलं आणि हातातली कापडी पिशवी पुढे केली. पिशवीत क्लेन्झर, टॉवेल आणि आमच्यासाठी मिरगुंडं होती.

अशा रीतीने मामा दर रविवारी आमच्याकडे तोंड धुवायला येऊ लागले. दारातच सांगायचे, "नवा माल आणलाय, तपासून जातो." आमचे हे कंपनीत शिफ्टमध्ये असतात, रविवारी घरी असले तर झोपलेले तरी असतात नाहीतर मोबाइलमध्ये तरी. सुरुवातीला ह्यांनी मोबाइलवर आलेले विनोद वाचून दाखवले. मामा ते कपाळाला आठ्या घालून ऐकायचे आणि शेवटी "मग पुढे काय झालं?" विचारायचे. मग एकदा मी सहज आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचं सांगितलं. त्यांनी पाण्याच्या टाकीसाठी सभा बोलावली आणि कुणीच गेलं नाही. गृहस्थांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर अध्यक्षपद घेतलं, ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिलं आणि उपस्थितांचे आभार मानून चहा घेतला. मी गॅलरीत कपडे वाळत घालताना हे सगळं बघितलं होतं, तसं ते आवाजासकट करून दाखवलं. मामा आधी नाकातून हसले, मग पोटातून हसले, आणि हसता हसता एक हात गालावर नेऊन म्हणाले, "ओढतंय. नापास."

तेव्हापासून हसवायचं काम माझ्याकडे आलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे मामा एक माल नापास झाला की दुसरा अधिकच संशयाने तपासायचे, त्यामुळे काम संपण्याची भीती नव्हती. कुठलं थोडं तेलकट, कुठलं पुसून घेतल्यावर डोळ्यांना झोंबणारं, कुठल्याला उगाच फेस. मीही आठवडाभर मामांसाठी किस्से जमवून ठेवायला लागले. चेअरमनसाहेब जिन्यात कुणाला काय बोलले, भाजीवालीने त्यांना काय उत्तर दिलं, ते घरी येऊन पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. खरं सांगायचं तर मलाही दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं. वरसेला नव्या नव्या बिल्डिंगा उठल्या, दारं बंद ठेवायची पद्धतही त्यांच्याबरोबर आली. रविवार कधी येतो असं मला व्हायचं, आणि मामांनी ते क्लेन्झर कधीही पास करू नये असं मी मनातल्या मनात म्हणायची.

मामांचा मुलगा गुणी आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला त्याचा राग येईल. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, या वयात उन्हातान्हात दुकानं कशाला हिंडता?" आणि बंगलोरच्या एका मोठ्या डॉक्टरला विचारून, चांगल्यातलं चांगलं क्लेन्झर निवडून, अख्खं खोकंच रामवाडीला पाठवून दिलं. वर मलाही फोन केला. "वहिनी, आता त्यांची दगदग संपली. वर्षभर पुरेल." त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं, की मी त्याला छान केलंस म्हटलं.

त्या रविवारी मामा आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. फोन केला की म्हणायचे, "माल आलाय ना सूनबाई, आता काय काम आहे?" तब्येत ठीक होती, जेवण ठीक होतं, पोळ्या करायला बाई येत होती. सगळंच ठीक होतं. माझ्याकडे मात्र चेअरमनसाहेब साचत चालले होते. त्यांनी गेटवर कॅमेरा बसवला, कबुतरांना दाणे टाकणारा माणूस पकडायचा म्हणून, आणि पहिल्याच दिवशी त्यात त्यांची सौभाग्यवतीच परात घेऊन उभी दिसली. हे मी ह्यांना सांगितलं. हे "हो का" म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

शेवटी मीच एके दुपारी गाडी पकडून पेणला गेले. मामांनी दार उघडलं आणि मी बघतच राहिले. गाल लोण्यासारखे झाले होते. पापुद्रे नाहीत, लाली नाही, कपाळसुद्धा तुकतुकीत. मी इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका चांगला बघितला नव्हता, आणि इतका उतरलेलाही बघितला नव्हता.

"या या. काय काम काढलंत?" त्यांनी विचारलं.

"काही काम नाही. तुम्ही आला नाहीत म्हणून आले."

मामा गोंधळले. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. चहा टाकायला आत गेले तशी मीही मागे गेले. स्वयंपाकघरात एकच कप पालथा घातलेला होता, दुसरा त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून धुतला. खोकं खिडकीपाशी नीट लावून ठेवलेलं होतं. त्या घरात काहीच अस्ताव्यस्त नव्हतं, आणि मला तिथे फार एकटं वाटलं.

"मग, बरं आहे का हे?" मी विचारलं.

"बरं असावं. नुसतं बसल्यावर काही ओढत नाही."

"आणि हसल्यावर?"

"ते कुठे तपासलंय," मामा चहात साखर घालत म्हणाले.

मग मी ओट्याला टेकून कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. चेअरमनसाहेब सगळ्यांना जमवून गुन्हेगार दाखवायला कसे बसले, परात कशी दिसली, आणि त्यावर "ही पूर्वपरवानगीने घेतलेली परात आहे" असं त्यांनी कसं जाहीर केलं, सगळं आवाजासकट. मामांनी चमचा खाली ठेवला. हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. सवयीने त्यांचा हात गालावर गेला. कोपऱ्यात बोट दाबून बघितलं, दुसऱ्या बाजूलाही बघितलं.

"नाही ओढत, सूनबाई," ते म्हणाले. "पास आहे."

इतका चांगला निकाल इतक्या पडलेल्या आवाजात मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मला खोटं बोलायचा मोह झाला. थोडं कोरडं दिसतंय, पुढच्या वेळी दुसरं आणा, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण आयुष्यभर माल तपासलेल्या माणसाला खोटा निकाल कुठल्या तोंडाने द्यायचा? मी म्हटलं, "मामा, रविवारी या. नुसते या. मला करमत नाही तुम्ही नसलात की." मामा चमचा उचलून चहा ढवळायला लागले आणि "बघू" म्हणाले. ‘बघू’ म्हणजे नाहीच, हे मला माहीत होतं. परतीच्या गाडीत खाडीकडच्या रिकाम्या जमिनी मागे जात होत्या.

रविवारी मी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलायला घेतले होते. बेल वाजली. दार उघडलं तर मामा. हातात पिशवी नव्हती. पिशवी नसलेले मामा मी प्रथमच बघत होते. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, एक खिशात होता आणि दुसरा शर्टाची बटणं चाचपत होता.

"काही काम नाही हं," ते दारातूनच म्हणाले.

"या," मी म्हटलं.

ते आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, कुणी ऊठ म्हणालंच तर उठायला बरं म्हणून बसावं तसे. त्यांचं लक्ष सारखं वालांच्या पातेल्याकडे जात होतं. पातेलं पुढे सरकवावं, सोलायला द्यावेत, असं माझ्या मनात आलं. त्यांना बरं वाटलं असतं. पण मी दिले नाहीत. मी आपली सोलत राहिले, चेअरमनसाहेबांचंही त्या दिवशी काही नवं नव्हतं, हे आतल्या खोलीत झोपलेले होते, आणि पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने मी मान वर करून बघितलं, तर मामा खुर्चीत थोडे मागे सरकून टेकून बसले होते.