एक जूनची माणसं

कोकिळा पावरा घाटातल्या जीपला भीत नव्हती. टपावर माणसं, दाराला लटकलेली माणसं, अशा जीपमध्ये ती लहानपणापासून झोपा काढत आलेली. पण त्या शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटरवर एक हिरवी ओळ उमटली आणि ती घाबरली.

तिचं काम सांगायला सोपं आहे. पुण्यातली एक कंपनी डेटाबेस सर्व्हर बनवते, म्हणजे लोकांची माहिती सांभाळणारा आणि मागितली की काढून देणारा प्रोग्राम. कोकिळा नंदुरबारात मीनाबाईंच्या घराची वरची खोली भाड्याने घेऊन त्या सर्व्हरच्या चाचण्या लिहिते आणि चालवते. प्रोग्रामर मंडळी रोज काहीतरी सुधारतात, आणि सुधारता सुधारता धड चाललेलं मोडून ठेवतात. म्हणून ज्यांची उत्तरं आधीपासून माहीत आहेत असे प्रश्न सर्व्हरला रोज नव्याने विचारायचे. ठरलेलं उत्तर आलं तर ओळ हिरवी, वेगळं आलं तर लाल. तिची आई दिवलीबाई धडगावच्या वरच्या पाड्यावर रोज संध्याकाळी बकऱ्या मोजून घेते. लेक तेच करते, फक्त खुर्चीत बसून.

बहुतेक चाचण्या जुन्याच होत्या. एक मात्र कोकिळाची स्वतःची. सातपुड्यात मुलं वर्षभर जन्मतात, पण वाढदिवस सगळ्यांचा एकाच दिवशी येतो. कारण शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. पुण्याच्या चाचण्यांतली माणसं शहाण्यासारखी वेगवेगळ्या दिवशी जन्मलेली. कोकिळाने पाड्यावरची नावं घेतली, सगळ्यांना एक जून ही तारीख लावली, आणि सर्व्हरला दोन वाटांनी विचारलं: एकदा सगळी माहिती चाळून सांग, एकदा इंडेक्सच्या, म्हणजे आधीच लावून ठेवलेल्या यादीच्या, जवळच्या वाटेने जाऊन सांग, की एक जूनची माणसं कोणती. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. महिनाभर ती जुळत होती.

त्या सकाळी चाचणी चालू असतानाच लाईट गेली. नंदुरबारात त्याचं कुणाला नवल नाही, आणि कोकिळाच्या कॉम्प्युटरची जुनी बॅटरी केव्हाच मेली होती. लाईट आल्यावर सर्व्हर पुन्हा उठला, चाचणी जिथे थांबली होती तिथून पुढे गेली, आणि ओळ लाल आली. जवळच्या वाटेने विचारलं तर काही माणसं गायब. सगळं चाळलं तर जागेवर हजर.

तिने चाचणी पुन्हा चालवली. हिरवी. परत चालवली. हिरवी. भीती वाटायला लागली ती तेव्हा. लाल ओळीमागचा दोष दाखवता येतो. एकदा लाल येऊन गेलेल्या हिरव्या ओळीला काय करणार?

तिने अभिनंदनला फोन लावला. अभिनंदन तिचा पुण्यातला वरिष्ठ, मूळचा अक्कलकुव्याच्या कापडवाल्यांचा मुलगा. मीटिंगमध्ये छापील मराठी बोलायचा, कोकिळाशी मात्र अहिराणी.

"परत चालाड ना," तो म्हणाला. "हिरवी उनी का सोडी दे. आठे पुणाले एकदाबी फेल व्हयनी नही."

"पन भाऊ, लाईट गयी व्हती तवय लाल उनी."

"मंग लाईटना दोष शे तो. आपला सर्व्हरना नही. दुपारले रिलीज शे, आते नवं झेंगट नको काढू."

या धंद्यात हीच रीत आहे. लाल आली की पुन्हा चालवा. हिरवी झाली की देवाचे आभार माना आणि पुढच्या कामाला लागा. कोकिळाने स्वतः कितीदा तसं केलं होतं. आज मात्र तिला ते जमेना, कारण दुपारची ती नवी आवृत्ती जिथे जिथे जाणार होती त्यात धडगावच्या डोंगरातला एका संस्थेचा दवाखाना होता. त्या दवाखान्यात तिचा धाकटा भाऊ भरत सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आजारातलं दुखणं रोखणाऱ्या, गोळ्या घेत होता. तिथे नाव आणि जन्मतारीख विचारतात, कॉम्प्युटर मागचं सगळं काढून देतो, आणि डॉक्टर त्यावर डोस ठरवतात. भरतची जन्मतारीख एक जून. आणि लाईट धडगावला जाते त्यापुढे नंदुरबारची काहीच नाही.

तिने चहा तसाच ठेवला. चाचणी सुरू केली, नावं भरली जाऊ लागली, आणि अर्ध्यावर असताना कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटली. चालू यंत्र असं मारणं धोक्याचं. यंत्र कंपनीचं, आणि बिघडलं तर नोकरीवर गदा. पुन्हा पिन लावली. हिरवी. पुन्हा उपटली. हिरवी. कधी फार लवकर उपटायची, कधी फार उशिरा. आपल्याला भास झाला असेल असं तिला वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर तो भासच असावा असं तिचं मन आतून विनवत होतं.

मीनाबाई पापड वाळत घालायला वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अवं कोकिळा, चालू मशीननी पिन कसाले उपटी ऱ्हायनी? बिघडी जाई ते."

"बिघडस का तेच दखी ऱ्हायनू, काकू."

"मन्ही माय," मीनाबाई म्हणाल्या आणि पापडाचं ताट घेऊन उन्हात गेल्या.

त्यांची पाठ वळली तेव्हा कोकिळाने आणखी एकदा पिन उपटली. या वेळी नावांचा मोठा लोंढा आत जात असताना. सर्व्हर उठला, आणि ओळ लाल आली. सुकराम नाही. हिलाल नाही. भिकुबाई नाही. पाड्यावर आपापल्या ओट्यावर बसलेली जिवंत माणसं, आणि सर्व्हर बिनदिक्कत सांगत होता की अशी कुणी माणसंच नाहीत. तिने तीच वेळ साधून पुन्हा केलं. पुन्हा लाल.

पिन कधी उपटायची ते आता चाचणीतच लिहिता येणार होतं. सर्व्हरला नेमक्या त्या क्षणी मारायचं, उठवायचं आणि विचारायचं. तिने तसं लिहून अभिनंदनला पाठवलं. बराच वेळ त्याचा फोन आला नाही. मग आला.

"रिलीज थांबाडी दिधं," तो म्हणाला. "आठेबी लाल उनी. कोकिळा, आखो एक सांगस. जुना व्हर्जनवरबी चालाडीसन दखी. तठेबी लालच."

"जुना म्हंजे?"

"दोन सालफाइन सगळासकडे जो चालू शे तो."

कोकिळा सकाळपासून दुपारचं रिलीज थांबवायला धडपडत होती, ते थांबलं की सगळं थांबेल म्हणून. ते थांबलं होतं, पण दवाखान्यात दोन वर्षं चालू असलेल्या जुन्या आवृत्तीतही तोच दोष होता. तिने फोन ठेवला आणि भरतला लावला. बहीणभाऊ पावरी या घरच्या बोलीत बोलायचे.

"आज दवाखान्यात जा," ती म्हणाली. "नाव सांग आणि बघ, तुझं मागचं सगळं त्यांना सापडतंय का."

"ते मागच्या महिन्यातच सापडलं नाही," भरत म्हणाला. "सिस्टर म्हणाल्या, तू इथे कधी आलाच नाहीस. मग नवा पेशंट धरून रक्त घेतलं. गोळ्याही पहिल्यापासून चालू केल्या, अगदी थोड्या."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलणार ताई? मशीन नाही म्हणालं. मला वाटलं आपलंच काही चुकलं असेल."

"दुखतंय का?"

मागून दिवलीबाईंचा आवाज आला. परवापासून तो खाटेवरून उठला नाही, हे पोरीला सांगू नको, असं त्या दबक्या आवाजात म्हणत होत्या.

"तू होतास तिथे, भरत," कोकिळा म्हणाली. "तू सगळा होतास. चूक मशीनची होती."

ती खाली आली आणि धडगावची जीप गाठायची आहे एवढंच मीनाबाईंना म्हणाली. घाईत तिला चपलेचा पट्टा लावता येईना, तो मीनाबाईंनीच खाली बसून लावून दिला.