तांबेरा आला ते वर्ष

हार्वेस्टर चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी पंचक्रोशी मामाच म्हणायची. बोलका गडी, यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून गाणारा. टाकीत गहू गारांसारखा तडतडू लागला की त्याचा गळा मोकळा सुटायचा.

त्या वर्षी नदीकाठच्या शेतात तो गाता गाता थबकला. यंत्र चालू होतं, पण टाकीत पाचोळा पडावा तशी नुसती सळसळ. तो खाली उतरला. विजार गुडघ्यापर्यंत तांबडी झाली होती, विटेची पूड फासल्यासारखी. ओंब्या चोळल्या, तर हातात जिऱ्याएवढे सुरकुतलेले दाणे.

बांधावरून मालकीण हळूच म्हणाली, "पंधरवड्यापूर्वी झकास होतं हो."

"तांबेरा आहे. बुरशी. वाऱ्याबरोबर जाते, कपड्यांबरोबरही." बोलता बोलता मामाने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं.

पुढची कापणी धाकट्या बहिणीच्या गावात होती. तिचा स्वतःचा गहू उशिरा पेरलेला, दाणा अजून कोवळा, दुधात होता. मामाने कपडे जाळले, यंत्र दिवसभर धुतलं. पाणी तांबडंच येत राहिलं. शेवटी त्याने फोन केला.

"मी येत नाही. यंत्रही आणत नाही."

"बहिणीचं दार जड झालं का रे, दादा?"

"तसं नाही गं. माझ्या अंगावर काय चिकटलंय, ते मलाच ठाऊक नाही."

तिने फोन ठेवला तो ठेवलाच. मग चार दिवस वारं सुटलं आणि तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"दोरीवर पांढऱ्या चादरी घातल्यात. त्यांच्यावर तांबूस काहीतरी बसलंय. झटकलं की उडतं, पुन्हा बसतं. तू आला नाहीस, दादा. ते आपलं आपण आलं."

तेव्हा मात्र मामा धावला. औषध फवारलं, पण गव्हाच्या ताटांवर फोड उठलेच. टीव्हीवर सांगत होते, डोंगर आणि समुद्र ओलांडून पलीकडच्या देशांतही हीच धूळ पोचली आहे. मेहुण्याने टीव्ही बंद केला. "मग जगाने खायचं काय?" मामाने विळा उचलला.

धूळ पुढे जाऊ नये म्हणून तिघांनी उभं पीक हिरवंच कापलं. हात कोपरापर्यंत तांबडे झाले. शेजारचा गहू अजून स्वच्छ डुलत होता. त्याचा मालक हाक मारत बांधाकडे निघाला.

"आमचं वाचेल ना, मामा?"

"तिथेच थांबा," मामा ओरडला आणि स्वतःच चार पावलं मागे सरला.