जाऊबाईंची लाइन

आमच्या जाऊबाई नुसत्या घरात शिरल्या तरी सगळे सरसावून बसणार. आम्ही दोघी एकाच चिप बनवणाऱ्या कंपनीत, तयार चिपा तपासायच्या खोलीत कामाला. त्या डेटा सेंटरच्या लाइनवर, म्हणजे हजारो कॉम्प्युटर एका छताखाली ठेवतात ना, तसल्या इमारतींसाठीच्या चिपा. मी लॅपटॉपच्या लाइनवर. मध्ये काचेची भिंत. पलीकडे नव्या खुर्च्या, नवी यंत्रं, पाहुणे आले की आधी तिकडे. आमच्याकडे कोणी आलंच तर रस्ता चुकून.

घरीही तेच. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "मोठी डेटा सेंटरला आहे." आणि धाकटी? "धाकटीपण तिथेच कुठेतरी."

कुठेतरी! माझा नुसता जळफळाट व्हायचा. बरं, भांडावं तर बाई वाकडं बोलेल तर शपथ. माझ्या डब्याचं झाकण सैल झालं, तर स्वतःचा नवाकोरा डबा मला देऊन मोकळी. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? मी करत होते, ती गोष्ट वेगळी.

आमच्या लाइनची प्रमुख नोकरी सोडून गेली, तेव्हा मी मनाशी धरूनच चालले की ही जागा आता माझी. इतकी वर्षं मान मोडून काम केलंय मी तिथे. नवीन नाव कंपनीच्या तीन महिन्यांच्या नफ्यातोट्याचे आकडे आल्यावर कळणार होतं.

आकडे कँटीनच्या टीव्हीवर आले. कंपनीला नफा झाला, पण डेटा सेंटरची विक्री पार घसरलेली. गिऱ्हाइकांनी मागण्या पुढे ढकलल्या म्हणे. मग कंपनीला तारलं कोणी? लॅपटॉपने! खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. समोर जाऊबाई हातात घास धरून तशाच बसलेल्या. म्हटलं, बसा आता.

पण झालं भलतंच. काम कमी झालं म्हणून डेटा सेंटरच्या अर्ध्या बायका आमच्या लाइनवर पाठवल्या, आणि प्रमुख कोण? जाऊबाई!

दुसऱ्या दिवशी तपासायच्या खोलीबाहेरच्या छोट्या खोलीत मी त्यांच्याकडे पाठ करून अंगातल्या कपड्यांवर पांढरा झगा चढवत होते. धुळीचा कण चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत सगळं झाकायचं, उघडे फक्त डोळे.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला रागावू? तुमचं नशीब."

"अगं, मी साहेबांना म्हटलं होतं, माझ्या जावेला द्या. तिचीच लाइन आहे ती."

माझे हात थांबले. "मग?"

"जाऊ दे ना."

"सांगा की! काय म्हणाले?"

"म्हणाले, कोणती ती?" त्यांचा आवाज पडला. "मी काचेतून तुला दाखवलंसुद्धा. पण या कपड्यांत सगळ्या सारख्याच दिसतात गं."

माझं नाव त्यांनी घेतलंच नसतं तर बरं झालं असतं. मी तोंडावरची पट्टी बांधली. त्यांनीही बांधली. आता दोघींचे नुसते डोळे दिसत होते.

तेवढ्यात दार उघडून साहेब आत आले आणि सरळ जाऊबाईंकडे बघून हसले. "या, या, तुमचीच वाट बघतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, जरा वाट द्या त्यांना."

मी बाजूला झाले.