जन्माआधीच बाप्तिस्मा

बॉनर घराण्यातला कॉन्डी हा शेवटचा. लग्न केलं नाही, भावंडं एकेक करून गेली. आयर्लंडमधल्या डोनेगालच्या त्या दरीत मेंढरं, एक बहिरं कुत्रं आणि तोंडाळ शेजारीण ग्रेसी, एवढाच गोतावळा. माणूस तसा समाधानी. पण नाताळात शेजाऱ्यांच्या दारांत परगावच्या गाड्या लागल्या, की हा काही काम नसताना टेकडीवर मेंढरं बघायला जायचा.

म्हणून ग्लासगोहून इसोबेल नावाच्या बाईचा फोन आला, "माझी आजी नॅन्सी बॉनर बहुतेक तुमच्याच घरातली," तेव्हा त्यानं सगळं स्वयंपाकघर रंगवून काढलं. नॅन्सी म्हणजे त्याची आत्या. तरुणपणी स्कॉटलंडला कामाला गेली, पुढे तिचं काही कळलंच नाही.

इसोबेल आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. चहा न घेताच तिनं टेबलावर दोन कागद ठेवले.

"माफ करा. तुम्हाला उगीच आशेला लावलं. हा आजीच्या पेटीतला जन्मदाखला, एकोणीस मे. आणि ही तुमच्या आत्याची इथल्या चर्चमधली नोंद, बाप्तिस्मा त्याच वर्षी, दोन मे. जन्माआधी बाप्तिस्मा कसा होईल? मुली दोन आहेत."

"आईबाप?" कॉन्डीनं विचारलं.

"ह्यू बॉनर, मेरी बॉयल. दोन्हीकडे. पण इथे ह्यू बॉनर किती होते?"

"दगड भिरकावला तर एकाला लागायचाच," पाहुणी बघायला आधीच येऊन बसलेली ग्रेसी म्हणाली. "आणि मेरी बॉयल तर घरटी एक! पण तारखेचं काय घेऊन बसलीस पोरी? अर्धी दरी जन्मायच्या आधी बाप्तिस्मा घेऊन मोकळी झालीय. पोर दगावेल या भीतीनं दुसऱ्याच दिवशी पाद्र्याकडे न्यायचे. सरकारी नोंदीला मात्र बाप जायचा सवडीनं, जळणाचं पीट रानातून कापून झालं की. तोवर मुदत टळलेली. दंड कोण भरणार? सांगायचा ठोकून, 'परवाच झाली, साहेब!'"

इसोबेल हसली, पण तेवढ्यापुरतीच. "म्हणजे एकच असू शकेल. पण असेलच असं नाही."

ग्रेसीनं कॉन्डीला कोपर मारलं. "अरे, हो म्हण की!"

"मला म्हणायचंय गं," कॉन्डी हळूच म्हणाला. "पण दुसऱ्याची आजी मी कशी लाटू?" मग इसोबेलकडे वळून, "बाई, आजी घरातल्या कुणाचं नाव घ्यायची का? इथे आडनाव कामाचं नाही. बापाचं, आजाचं नाव मागे जोडतो आम्ही. मला बॉनर म्हणून कुणी हाक मारत नाही. मी कॉन्डी जॉनी ह्यूई नेड."

इसोबेलचा हात कागदावरच थांबला. "शेवटचं परत म्हणा."

"ह्यूई नेड. नेडचा ह्यूई. दरीत ह्यू बॉनर ढीगभर, पण नेडचा तो एकच, माझा आजोबा."

"अहो, आजी रोज जपमाळ संपली की म्हणायची, 'देवा, नॅन्सी ह्यूई नेडला विसरू नकोस.' आम्हाला वाटायचं, ती स्वतः आणि तिची दोन मेलेली भावंडं! आई अजून दर रविवारी तीन मेणबत्त्या लावते!"

"तीन?" ग्रेसी खुर्चीत मागे कोसळली. "अगं, एकच बाई ती! नेडच्या ह्यूईची नॅन्सी!"

कॉन्डी हसला नाही. "आम्ही तिला केव्हाच मेलेली धरली होती," तो म्हणाला. "आणि ती रोज आमच्या माणसांची नावं घेत होती. तुम्ही जपलीत ती. न कळता का होईना." त्यानं इसोबेलचे दोन्ही हात धरले. "तुझी आई माझी आतेबहीण. मी तुझा मामा लागतो, पोरी."

इसोबेलनं डोळे पुसत ग्लासगोला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडून वृद्ध, खणखणीत आवाज आला, "कोण बोलतंय?"

कॉन्डीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"बोल ना रे!" ग्रेसी कुजबुजली.

"ताई," तो म्हणाला, "मी घरून बोलतोय."