सागाखालचे आवळे
आमच्या नव्या दरवाजासाठी सुतार सागाच्या फळीवर रंधा मारतो, तेव्हा त्या वासाने मला पेठकडचं रोपवन आठवतं. वर उंच साग आणि खाली आईने पाड्यावरच्या बायांबरोबर लावलेले, छातीइतके वाढलेले आवळे. तोडीच्या दिवशी मजुरांनी दोर लावून प्रत्येक साग मोकळ्या बाजूला पाडला. एकही आवळा मोडला नाही, म्हणून आईने सगळ्यांना चहा दिला. मग ट्रॅक्टर आला. "दादा, ओंडके नाल्याकडनं न्या," आई म्हणाली. "तिथं चाक फसतं, मावशी," म्हणत ड्रायव्हरने साखळी बांधली आणि ओंडके आवळ्यांतून सरळ ओढत नेले. आई पडलेलं एकेक झाड उभं करून बुंध्याशी माती लोटत राहिली. हात काढला की ते पुन्हा आडवं व्हायचं. सुतार विचारतो, दरवाजा कसा झालाय. मी चांगला म्हणते.