कुसाबाईचं तेरा इंची चाक

नाशिकच्या द्वारका चौकात, आग्रा रोडच्या कडेला, पत्र्याच्या शेडमधलं टायरचं दुकान देवरामच्या नावावर होतं. पण ट्रकवाले तिथं थांबून हाक मारायचे ती कुसाबाईला. चौऱ्याहत्तर साली देवरामची कंबर धरली. त्याआधी तो एका ट्रान्सपोर्टच्या गॅरेजात टायर फिटर होता. वाकता येईना म्हटल्यावर त्याने नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं. तो स्टुलावर बसून सांगायचा आणि कुसाबाई पदर खोचून पहारीनं टायर रिंगेतून काढायची. पहिल्या वर्षी लोक गंमत बघायला थांबत. दुसऱ्या वर्षी पंक्चर काढायला थांबू लागले.

ती सटाण्याकडची. चौथीपर्यंत शाळा झालेली, पण गुरुजींनी पावकी, निमकी, दीडकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे घोटून घेतलेले. टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे तिला पहिल्यापासूनच आवडायचे. कुठला आकडा रुंदी, कुठला रिंगेचा व्यास, हे तिनं देवरामकडून एका दुपारी समजून घेतलं आणि पुढं तोच तिला विचारू लागला.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर मल्हारी बोरस्ते दुकानात आला, तेव्हा कुसाबाई चव्वेचाळीस वर्षांची होती. मल्हारी पिंपळगावचा, द्राक्षबागेवाल्या घरातला, ट्रॅक्टरची चाकं तिच्याकडूनच बदलून नेणारा. या खेपेला मात्र पांढरी मारुती घेऊन आला होता. ती गाडी बघून कुसाबाईनं हातातली पहार खाली ठेवली. मल्हारीनं स्प्रिंगा कापून गाडी दोन इंच खाली बसवली होती. मांजर उडी मारायच्या आधी जशी दबते, तशी ती दिसत होती.

नाशिकच्या एका मोटार क्लबानं तीन आठवड्यांनी रॅली ठेवली होती: नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरीचा घाट, कळवण, सटाणा, देवळा, चांदवड आणि परत. मल्हारीला त्यात उतरायचं होतं. डिकीतून त्यानं गोणपाटात गुंडाळलेली तीन चाकं काढली, तेव्हा देवरामसुद्धा कंबर धरून स्टुलावरून उठला. अल्युमिनियमच्या मिश्र धातूची, पाकळ्यापाकळ्यांची जपानी चाकं. लोक त्यांना मॅगव्हील म्हणत. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं बारा, तेरा आणि चौदा इंचांचं एकेक चाक टायरसकट बघायला दिलं होतं. जे ठरेल त्याची चारही चाकं घ्यायची आणि बाकीची परत पाठवायची.

"चौदाचं बसव, मावशी," मल्हारी म्हणाला. "मोठं चाक, गाडी पळंल बी जास्त."

कुसाबाईनं ते चाक एका हातानं उचललं. लोखंडी रिंगेच्या मानानं ते इतकं हलकं होतं की तिला हसू फुटलं. ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली. अशी वस्तू आपल्या दुकानात येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण चाक देखणं आहे म्हणून गाडीला बसतंच असं नाही, हे तिनं मल्हारीला सांगितलं आणि घरी जाऊन परात भरून कणीक मळून आणली.

देवरामला वाटलं, बाई आता पोळ्या लाटणार. तिनं कणकेचे लिंबाएवढे गोळे केले आणि मडगार्डच्या आतून, वर, पुढं, मागं आणि बाहेरच्या कडेला चिकटवले. मग चौदाचं चाक बसवलं, गाडीत सिमेंटच्या चार गोण्या आणि दोन ट्रक ड्रायव्हर बसवले, आणि मल्हारीला स्टिअरिंग दोन्हीकडं पार शेवटपर्यंत फिरवायला सांगितलं. फिरवताना करकर आवाज आला. चाक काढून पाहिलं तर वरचा गोळा पापडासारखा झाला होता, आणि पुढचा नाहीसाच झाला होता. टायरनं तो पुसून नेला होता. टायरवर पत्र्याचा ओरखडाही उठला होता.

"घाटात खड्ड्यात आपटली की हे चाक पत्रा खाईल, नायतर पत्रा टायर खाईल," ती म्हणाली. मल्हारीचं तोंड उतरलं, आणि त्यानं ते चाक बाजूला सरकवलं.

बाराचं चाक छान बसलं. गोळे जागच्या जागी राहिले. पण गाडी आधीच दोन इंच खाली. कुसाबाई जमिनीवर आडवी झाली आणि इंजिनाच्या तळाखाली हात घालून बघितला. चार बोटंसुद्धा धड सरकेनात. शिवाय त्याचा टायर उंच बाजूचा होता, वळणावर गाडी त्याच्यावर डुलणार. तेराचा टायर आखूड बाजूचा आणि जरा रुंद, वळणावर घट्ट उभा राहणारा. तो बसवल्यावर गाडी अर्ध्या बोटाएवढी उचलली गेली. वरच्या गोळ्यावर टायरचा नुसता शिक्का उठला. बाहेरच्या कडेचा गोळा तेवढा चिरडला होता. ती कड आतून हातोडीनं ठोकून वळवून घे, म्हणजे काम झालं, असं तिनं सांगितलं. मल्हारीनं एकदा चौदाच्या चाकाकडं पाहिलं आणि मग मान डोलावली.

काम तिथं संपायला हवं होतं. पण चारही चाकं येऊन बसल्यावर कुसाबाईनं टायरवर खडूची खूण केली, फरशीवर दुसरी केली, आणि गाडी एक फेरा ढकलायला लावली. जुनं चाक एका फेऱ्यात बासष्ट इंच जात होतं. हे साडेचौसष्ट गेलं. ती टेप तशीच हातात धरून बसली.

"गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं," ती देवरामला म्हणाली. "चाक मोठं झालं हे त्याला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं मल्हारीला दिंडोरी रोडला गाडी काढायला लावली आणि मैलाचे दगड बघत गेली. मीटरवर पंचवीस किलोमीटर झाले, तेव्हा दगड सव्वीस सांगत होते. ही साधी गोष्ट नव्हती. रॅली म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या सरासरी वेगानं जायचं असतं, तपासणीची ठिकाणं गुप्त असतात, आणि तिथं उशिरा पोचलं तरी गुण कापतात, लवकर पोचलं तरी. अंतर चुकलं की सगळंच चुकलं.

मल्हारीच्या शेजारी बसून हिशेब सांगायला त्याचा चुलतभाऊ रंगनाथ होता. सरावाला ते नांदुरीच्या घाटात गेले. कापलेल्या स्प्रिंगांची गाडी, आखूड टायर, एकेक वळण पोटात जाणारं. रंगनाथनं तिसऱ्या वळणावर गाडी थांबवायला लावली आणि पोट रिकामं केलं. वर पोचेपर्यंत तो नकाशा बघायच्या लायकीचा राहिला नव्हता. परत आल्यावर मल्हारी सरळ दुकानात आला. तो टायरच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "मावशी, हिशेब तुलाच येतो. तूच चल."

कुसाबाईनं देवरामकडं पाहिलं. नाही म्हणायची इच्छा तिला शोधूनही सापडत नव्हती.

"माझ्याकडं काय बघते," देवराम म्हणाला. "दुकान एक दिवस बंद राहिल्यानं नाशिकची चाकं थांबत नाहीत. जा."

रविवारी सकाळी सातला गोल्फ क्लबच्या मैदानावर एकतीस गाड्या उभ्या होत्या. नऊवारी नेसलेली, डोक्यावर हेल्मेट घातलेली कुसाबाई मारुतीत बसली तेव्हा लोक वाकून बघत होते. क्लबाच्या कागदावर अजून रंगनाथचंच नाव होतं. तिनं ते खोडायला लावलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहून घेतलं. मांडीवर पाटी, गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल, आणि देवरामचं मनगटी घड्याळ. झेंडा पडला आणि गाडी अशी सुटली की तिची पाठ सीटला चिकटली.

पुढच्या दोन तासांसारखं काही तिनं जन्मात अनुभवलं नव्हतं. वणीपर्यंत सपाट रस्ता. नंतर घाट सुरू झाला. उजवीकडं दरी, डावीकडं कातळ, आणि ती छोटी गाडी वळणावळणाला रस्त्याला चिकटून वर चढत होती. एका खड्ड्यात धाडकन आपटली. कुसाबाईनं श्वास धरून करकर आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. ती हसायला लागली, आणि मल्हारीही.

कळवणच्या तपासणीवर एक मिनिट उशीर झाला. सटाण्याच्या तपासणीवर बरोबर पोचले आणि तिथून मीटर पुन्हा शून्य करून देवळ्याकडं निघाले. सरासरी ताशी चाळीस किलोमीटर ठेवायची होती. पण मार्केटला चाललेल्या लाल कांद्याच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी रस्ता भरून गेला होता. चार मिनिटं तिथं गेली. मोकळा रस्ता मिळाल्यावर मल्हारीनं गाडी पिटाळली. मीटरवर चोवीस किलोमीटर झाले तेव्हा घड्याळात छत्तीस मिनिटं झाली होती. त्यानं मोठा श्वास सोडला; किलोमीटरला दीड मिनिट, म्हणजे हिशेब चोख जुळला होता.

"हळू घे," कुसाबाई म्हणाली.

"आता कशाला? बरोबर वेळेवर आहे आपण."

"मीटर चोवीस म्हणतंय. खरे पंचवीस झालेत. दीडकीत पंचवीसला साडेसदतीस. आपण दीड मिनिट पुढं आलोय."

मल्हारीनं पाय सैल केला, पण त्याचा जीव खालीवर होत होता. गाडी बैलगाडीसारखी चालली. मागून एक फियाट हॉर्न वाजवत पुढं गेली, तिच्या मागून एक जीप. जीपमधल्या एकानं हात हलवून बिघाड आहे का म्हणून विचारलं. कुसाबाई घड्याळावरची नजर हलवत नव्हती. आपला आकडा चुकला असेल तर या पोराचा सगळा दिवस वाया जाईल, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. आणि दुसरीकडं, आकडा चुकलेला नाही हेही तिला पाढ्यासारखं पक्कं ठाऊक होतं. पुढं आलेलं दीड मिनिट फिटलं तशी तिनं बोट वर करून सांगितलं, आता नेहमीच्या वेगानं चल.

पुढच्या वळणामागं, कडुनिंबाखाली टेबल टाकून क्लबाची माणसं बसली होती. फियाट आणि जीप तिथंच उभ्या होत्या, आणि दोन्हींचेही ड्रायव्हर टेबलापाशी हुज्जत घालत होते. दोघंही लवकर आले होते. मारुती पोचली. तपासनिसानं घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. "दंड शून्य," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

मल्हारीनं तो कागद कुसाबाईच्या पाटीखाली नीट सरकवला आणि गाडी चांदवडच्या रस्त्याला लावली. ती मात्र खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा घेत होती. हेल्मेटमधून सुटलेले केस कपाळावर उडत होते.

संध्याकाळी मैदानावर निकाल लागला. एकूण गाड्यांत त्यांचा पाचवा नंबर आला, आणि लहान गाड्यांच्या गटात पहिला. माईकवर तिचं नाव पुकारलं, तेव्हा देवराम रिक्षातून येऊन गर्दीत उभा होता. त्याच्या आजूबाजूला द्वारकेचे पाचसहा ट्रकवाले होते. त्यांनी एवढ्या शिट्ट्या मारल्या की पुकारणाऱ्याला तिचं नाव दोनदा घ्यावं लागलं. कपाचे दोन कान तिनं आणि मल्हारीनं एकेक धरले.

त्यानंतर दोन वर्षं नाशिकात कुणी गाडी खाली बसवली की तो आधी कुसाबाईकडं यायचा. तिनं कुणाला चौदा इंच दिले, कुणाला बाराच ठेवायला लावले, आणि एकाला त्याच्या कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळच्यासारख्या अखंड बसवायला लावल्या. कणकेची परात घरची होती ती दुकानातच राहायला आली. देवरामनं घरासाठी नवी आणली.

पण त्या रविवारी, बक्षीस घेऊन परत येताना, आग्रा रोडवर तिनं मल्हारीला गाडी कडेला घ्यायला सांगितली. देवराम मागच्या सीटवर पाय दुमडून बसला होता, कप त्याच्या मांडीवर. काय बिघडलं म्हणून दोघंही तिच्याकडं बघायला लागले.

"बिघडलं काही नाही," ती म्हणाली. "तेरा वर्षं चाकं बसवते, पण गाडी कधी चालवली नाही. उद्या सकाळपासून शिकव मला."

मल्हारी दुसऱ्या दिवशी सहा वाजताच पिंपळगावहून आला. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये कुसाबाईला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं तिला गाडी मागं घ्यायला लावली, वळवायला लावली, चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावली, आणि उतरताना सही करत विचारलं की बाई, हे शिकायला किती दिवस लागले. ती म्हणाली, तीन महिने. आणि घरी जाताना देवरामला बाजूला आणि मल्हारीला मागं बसवून तिनंच मारुती चालवली.